हललेले

“घ्या श्वास. पूर्ण भरून घ्या. आता रोखा,” एक्स-रेबाई शिशाच्या काचेआडून म्हणाली, तिनं बटण दाबलं, आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन उजळला. लेकीचा मेसेज होता. ‘आई, तू पाठवलेले सगळे फोटो बघितले. होस्टेलवर न्यावासा एकही वाटत नाही. राहू दे.’ बाईनं तो एकदा वाचला, मग चष्मा कपाळावर सरकवून वाचला, मग अर्थ थोडाफार बदलतो का ते बघायला पुन्हा वाचला. अर्थ काही बदलला नाही. स्टँडला छाती टेकून उभे असलेले आजोबा मोठे आज्ञाधारक. त्यांचे खांदे थरथरायला लागले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि शेवटी उरल्यासुरल्या हवेत त्यांनी विचारलं, “बाई, सोडू का आता?”

“अगं बाई! सोडा, सोडा आजोबा. चुकलंच माझं.”

आजोबांनी असा काही श्वास सोडला की बाहेर बाकावर बसलेली त्यांची सून धावत आत आली. बाईनं दोघांची माफी मागितली, आजोबांना पाणी दिलं, पडद्यावर फोटो बघितला. फोटो उत्तम होता. फासळी न् फासळी मोजून घ्यावी. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं की ‘रोखा’ म्हटल्यावर ती ‘सोडा’ म्हणायला विसरली. आणि झालं कशामुळे, तर ‘राहू दे’ या दोन शब्दांमुळे. घरात ‘राहू दे’ कशाला म्हणतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. छत्रीची मोडलेली काडी नवऱ्याला तिसऱ्यांदा जमली नाही की ‘राहू दे’. सासूबाईंना सुईत दोरा ओवता आला नाही की ‘राहू दे’. म्हणजे हे आता व्हायचं नाही, वेळ घालवू नका. शनिवारी पोर दुसऱ्या शहरात शिकायला जाणार, तिच्या टेबलावर घरच्यांचा एक फोटो असावा ही तिचीच इच्छा, आणि सोमवारी दुपारी सव्वाबाराला तिनं ती इच्छा मागे घेतली होती.

पण बाईचा स्वभाव रडत बसण्यातला नव्हता, दोष कुठे आहे ते शोधण्यातला होता. फोटो वाईट आला तर तीन जागा तपासायच्या: यंत्र, कोन, माणूस. माणसं घरचीच, त्यांच्यात काही बिघाड नाही. कोन ती डोळे मिटून सांगू शकत होती. उरलं यंत्र. तिनं फोन उलटा केला. भिंगावर चरा होता, कोपऱ्यात धूळ जाऊन बसली होती, आणि हा फोन दोनदा बादलीत पडून निघालेला. घोडं इथंच पेंड खात होतं तर! चांगला कॅमेरा घ्यायचा. खराखुरा, हातात वजन लागणारा, डिजिटल कॅमेरा. कॅमेरा हा शब्द मनात उच्चारला आणि तिच्या काळजानं अशी उडी मारली की तिचं तिलाच हसू आलं. स्वतःहून एखादी वस्तू हवीशी वाटून किती वर्षं झाली असतील? कुकर हवासा वाटला होता, पण तो बंद पडला म्हणून. चष्मा हवासा वाटला होता, पण तो फुटला म्हणून. काहीही न फुटता हवंसं वाटणं ही चैन ती विसरूनच गेली होती. पुढच्या पेशंटला तिनं “या, या, बसा ना” असं म्हटलं, जसं काही तो चहाला आला होता.

दुपारच्या सुट्टीत डबा एका हातानं आणि फोन दुसऱ्या हातानं असं तिचं जेवण चाललं. झूम किती, भिंग कुठलं, अंधारात कसा दिसतो, बॅटरी किती टिकते. जगात इतकी माणसं इतक्या पोटतिडकीनं कॅमेऱ्यांवर भांडतात हे तिला माहीतच नव्हतं. एक म्हणे झूमशिवाय कॅमेरा म्हणजे डोळ्यांवर पट्टी, दुसरा म्हणे झूमवर जाणारा माणूस गाढव. ती मन लावून वाचत गेली आणि एका ओळीवर थबकली: हात थरथरला तरी चित्र हलू न देणारी सोय. भाजीतला चमचा तिनं तसाच डब्यात ठेवला. हेच तर! हेच हवं होतं. कारण बाकी काहीही चालेल, पण हललेला फोटो तिला खपत नसे. ही खोड आजची नव्हती. नोकरीला लागली तेव्हा काळोखी खोली होती, लाल दिवा होता, फिल्म रसायनात बुडवून वर काढायची असे. पहिल्याच महिन्यात एका पाच वर्षांच्या पोराच्या मनगटाची फिल्म तिनं काढली. पोर हललं. काळोख्या खोलीत तिच्या बोटांत ते मनगट धुरकट होऊन वर आलं, बोटांची हाडं दुहेरी दिसत होती. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, खाली ठेवली, आणि आवाज न चढवता म्हणाले, “बाई, हललेली फिल्म म्हणजे न काढलेली फिल्म. आता त्या पोराला परत किरणं द्यायची. तुमच्यामुळे.” परत काढताना पोर रडत होतं आणि तीही रडत होती. तेव्हा तिनं जो कानाला खडा लावला तो आजवर. दवाखान्यात एक जाड वही असे, वाया गेलेल्या फोटोंची. कारण लिहायचं: हलला, श्वास सुटला, गळ्यातलं काढायचं राहिलं, कोन चुकला. बाईच्या नावापुढे वर्षाकाठी चार नोंदी होत तर होत. नवी मुलं तिच्या हाताखाली शिकायला यायची ती हीच कीर्ती ऐकून.

संध्याकाळी घरी तिनं चपला काढता काढताच जाहीर करून टाकलं, “आपण कॅमेरा घेतोय.” नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. दिवसभर लोकांच्या इमारतींत वरखाली करून आलेला, त्याचं ग्रीसचं बोट अजून साबणाखाली होतं. “कॅमेरा? अगं, फोन काय दळायला ठेवलाय?” म्हणून तो हसायला लागला. त्याचं हसणं म्हणजे आवाज नंतर, आधी पोट. पोट हलायचं, मग खांदे, मग तो धरण्यासाठी जवळचं काहीतरी शोधायचा. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “माझा फोटो काढायचा असेल तर आधी माझी कवळी नीट करून आण. बोलताना खाली येते मेली.” लेक बॅगेत कपडे भरत होती. तिनं वर बघितलं. “आई, तू माझ्या मेसेजवरून हे सगळं करतेयस का? मी चिडून नव्हतं लिहिलं गं.”

“मग काय वाईट आहे त्या फोटोंत, ते तरी सांग.”

“वाईट काहीच नाही. सगळे अगदी स्वच्छ आहेत. पण बाबा बाबांसारखे दिसत नाहीत, आजी आजीसारखी नाही. आपले कपडे घालून दुसरीच कुणीतरी माणसं उभी आहेत असं वाटतं. मी तिकडे एकटी असणार ना? मला रात्रंदिवस त्या माणसांकडे बघायला नको वाटतं.”

“यंत्राचा दोष,” बाई ठामपणे म्हणाली. “बुधवारी सगळे चला दुकानात.” आणि तिला पुन्हा तसंच झालं, पोटातून काहीतरी टुणकन वर आल्यासारखं. रात्री तिला दोनदा जाग आली आणि दोन्ही वेळा आपण कशासाठी खूश आहोत ते आठवायला जरा वेळ लागला.

बुधवारी दुकानदारानं, भल्यामोठ्या मिशांच्या माणसानं, काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. एक नवा, चिमुकला, साबणाच्या वडीएवढा. दुसरा लांबच लांब झूमवाला. तिसरा वापरलेला, कडेला रंग थोडा उडालेला, पण हातात घेतला की बोटं आपोआप जागच्या जागी बसत. किंमत तिन्हींची आवाक्यात होती, बाईनं फ्रिजसाठी ठेवलेल्यातले अर्धेच आणले होते आणि फ्रिज अजून बरा चालत होता. “कंपन किती थांबवतो?” तिनं विचारलं. दुकानदार खूश झाला. त्याला रोज लोक विचारत ते रंग कुठले आहेत एवढंच. “ताई, हा वापरलेला घ्या. धावत्या बसच्या टपावरून काढलात तरी हलणार नाही. माझ्या मेव्हण्याचा आहे, म्हणजे बघा.” “मेव्हण्यानं का विकला मग?” नवऱ्यानं विचारलं. “त्यानं मोठा घेतला. हौसेला मोल असतं का साहेब!” बाईला हे वाक्य इतकं पटलं की तिनं लगेच कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत नवरा, लेक, सासूबाई. त्यांच्यामागे मिशांची टोकं. हात स्थिर, कोपर बरगड्यांना टेकलेलं. हनुवटी किंचित वर, खांदे पुढे. “हलू नका,” ती म्हणाली. “घ्या श्वास. भरून घ्या. रोखा.” आणि टिपला.

तिला स्वतःला काहीच वावगं वाटलं नाही. पण आजूबाजूला शांतता पसरली होती. तिघं छाती फुगवून उभी होती. दुकानदारही छाती फुगवून उभा होता. पलीकडे बॅटरी घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनीही, कशाला कुणास ठाऊक, श्वास धरला होता. मग लेकीच्या नाकातून फुस्स आवाज आला, नवऱ्याचं पोट हललं, आणि अख्खं दुकान हसायला लागलं. “आई, तू घरीपण असंच म्हणतेस!” लेक डोळे पुसत म्हणाली. “मला वाटायचं सगळ्यांच्या आया असंच म्हणतात.” बाई लाजली, पण हसलीही. सगळे हसत असताना तिचं बोट बटणावरच होतं, दोन-तीनदा दाबलं गेलं. मग तिनं पडद्यावर बघितलं. पहिला फोटो म्हणजे काय विचारता! सासूबाईंच्या भुवईचा केस न् केस मोजावा. “बघा! हा कॅमेरा नक्की,” ती म्हणाली, आणि पुढचे दोन पुसून टाकले. घरी येताना खोका तिनं मांडीवर धरला होता. नवऱ्यानं दोनदा म्हटलं, दे माझ्याकडे. तिनं दिला नाही.

गुरुवारी तिनं अर्धा दिवस रजा काढली. रजेच्या अर्जावर कारण ‘घरगुती’ लिहिताना तिला गुदगुल्या झाल्या. संध्याकाळचा उजेड खिडकीतून तिरपा येत होता, पलंगावर सासूबाई, पायाशी लेक, दारात नवरा चहाचा कप घेऊन. कॅमेऱ्यात एक सोय होती, बोट दाबून धरलं की एका दमात दहा-दहा फोटो. बाई या सोयीवर जीव ओवाळून टाकत होती. खिडकीकडून काढले, दारातून काढले, स्टुलावर चढून काढले. तासाभरात तीनशे सत्तर झाले. मग ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि निवडायला लागली. अंगठा सराईतपणे चालत होता. हलला, पुसला. तोंड उघडं, पुसला. हात धुरकट, पुसला. डोळे मिटलेले, पुसला. तांदूळ निवडताना खडा दिसला की तो बाजूला टाकताना कुणी विचार करतं का? लेक मागून येऊन उभी राहिलेली तिला कळलंच नाही.

“आई, काय करतेयस?”

“साफ करतेय. सत्तर-ऐंशी तरी निघतील चांगले.”

“थांब, थांब! हा कुठला होता? बाबा हसत होते त्याच्यात.”

“हललाय अगं तो. हे बघ, पोट कुठे आहे ते तरी कळतंय का?” असं म्हणेतो अंगठ्यानं आपलं काम केलं होतं.

लेक तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. हळूच बसली. “आई, तू नेहमी असं करतेस? म्हणजे फोनमध्येपण?”

“मग? कचरा कशाला साठवायचा?”

“म्हणजे होते?” लेकीचा आवाज बारीक झाला. “असे फोटो होते आपल्याकडे?”

होते. बाईचा अंगठा बटणावरून उचलला गेला. होते ना. अंगणाच्या पायरीवर पहिला मोबाइल हातात आला तेव्हापासून होते. पंधरा वर्षांचे होते. एकेक तिला आठवत होता, कारण वाया गेलेलं काम तिला कायम आठवायचं, बरं झालेलं नव्हे. पाचव्या वाढदिवसाला फुगा फुटला आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी उघडली, तो हलला म्हणून पुसला. सासूबाईंनी दोरीवरच्या उड्या मारून दाखवल्या, वय वर्षं बासष्ट, पाय दिसतच नव्हते, म्हणून पुसला. नवरा घरच्या बंद पडलेल्या पंख्याला शिव्या देत होता आणि पंखा अचानक सुरू झाला, तो पुसला. जे कुणी हललं ते गेलं. आणि घरात हलत कोण होतं? जिवंत होतं ते सगळं. जे उरलं होतं ते श्वास रोखून उभं होतं. यंत्राचा दोष नव्हता, कोनाचा नव्हता. पोरीनं मागितलेला फोटो तिनं एकदा नव्हे, हजारदा काढला होता आणि स्वतःच्या हातानं, स्वच्छ, मन लावून, पंधरा वर्षं पुसला होता. तिला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. “मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली, आणि हे वाक्य किती खुळं आहे ते तिला लगेच कळलं. “ते आता परत नाही मिळायचे गं. फोनसुद्धा तीन बदलले मधे. मी मूर्ख आहे.”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. “आजीनं दोरीवरच्या उड्या मारल्या?”

“मारल्या म्हणजे! तुला खोटं वाटतंय?” बाईनं नाक पुसलं. “तू शाळेतून दोरी आणली होतीस. आई म्हणाल्या, दे इकडे, तुला काय येतंय. साडी खोचली, आणि मोजून अकरा.”

“चौदा,” सासूबाई पलंगावरून ओरडल्या. “अकरा म्हणे! चौदा. आणि अकराव्याला कवळी पडली, ती ह्यानं झेलली.” 

“वरच्या वर झेलली,” नवरा दारातून म्हणाला. “आणि तू तोही काढलास, मला चांगलं आठवतंय. माझ्या हातात कवळी होती.”

“काढला. तुमचा हात नुसता पट्टा दिसत होता,” बाई म्हणाली, “असा!” आणि तिनं हात हवेतून भिरकावून दाखवला. मग तिला थांबताच येईना. फुग्याच्या वेळी कोण कुठे उभं होतं ते ती उठून, जागा बदलत, सांगायला लागली. इथे तू, इथे मी, टेबल तिकडे होतं. नवरा म्हणाला टेबल तिकडे नव्हतंच, आणि दाखवायला आत आला, कपातला चहा हिंदकळला. सासूबाईंनी चौदा उड्यांचा हिशेब बोटांवर सुरू केला. पंख्याची गोष्ट आली तेव्हा बाई पंखा झाली, दोन्ही हात पसरून स्वयंपाकघराच्या दाराशी गरगरली, नवऱ्याचं पोट हलायला लागलं, त्यानं धरायला काहीतरी शोधलं आणि त्याच्या हाताला तिचाच खांदा लागला. ती ओरडत होती, “अहो चहा, चहा सांडला!” तेवढ्यात टेबलाकडून खटखटखट असा आवाज आला. लेकीनं बोट दाबून धरलं होतं.

पडद्यावर चौघांतली तिघं होती, म्हणजे लेक सोडून सगळी. बाईचे हात नव्हतेच, त्या जागी दोन धुरकट पंखे. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या टोकावर. नवऱ्याचं पोट कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. सासूबाईंची बोटं दहाच्या वीस झाली होती. चहाचा एक थेंब हवेत होता, आणि अख्ख्या चित्रात स्थिर असा तेवढाच. लेक तो कितीतरी वेळ बघत राहिली. बाई तिच्या खांद्यावरून बघत होती आणि तिचा अंगठा, बावीस वर्षांचा शिकलेला अंगठा, आपोआप वळवळत होता. तिनं तो मुठीत धरला.

“हा,” लेक म्हणाली. “मला हा हवाय.”

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर बाई फोटो छापणाऱ्याच्या दुकानात गेली. तो एक बारीक, नीटनेटका माणूस होता, बाह्या दुमडलेल्या, टेबलावर एक कपटा नाही. त्यानं चित्र मोठं करून बघितलं, ओठ आवळले, आणि अगदी हळुवार, पेशंटला वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, “ताई, हा हललाय. मागचापुढचा एखादा चांगला असेल ना? मी निवडून देतो हवं तर.” बाईला त्याचा राग आला नाही. माणूस आपलं काम ओळखत होता. त्याच्या जागी ती असती तर तिनं विचारलंही नसतं, पुसूनच टाकला असता. “चांगला हाच आहे,” ती म्हणाली. “मोठा काढा. आणि कडा कापू नका, आमच्या ह्यांचं पोट जाईल.” त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पोटाकडे, आणि कागद लावला.

फोटो हातात घेऊन ती फुटपाथवर आली. सवयीनं तिनं तो उजेडाला धरला. कागदातून पलीकडचं काही दिसेना, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ही फिल्म नव्हे, आणि भर रस्त्यात ती एकटीच हसली. समोर गाड्या वाहत होत्या, एक बाई दोन पिशव्या आणि एक रडकं पोर ओढत चालली होती, सायकलवाला कुणावर तरी ओरडत होता, एकही गोष्ट जागेवर राहत नव्हती. ती बघत उभी राहिली. उद्या या वेळेला घरात एक माणूस कमी असेल हे तिला माहीत होतं, त्याचं दुःख आत कुठेतरी होतं, पण आत्ता त्याला पुढे यायला जागाच मिळत नव्हती. फोन वाजला. लेकच.

“आई, मिळाला? कसा आलाय?”

“हललाय!” बाई इतक्या मोठ्यानं म्हणाली की पिशवीवाल्या बाईचं पोर रडायचं थांबलं. “अगं, असला मस्त हललाय म्हणून सांगू!”